मक्यांतील तण व तणनाशकांचा विवेकानें उपयोग

सिल्लोड तालुक्यांत कपाशीप्रमाणेंच मका हेंहि आतां खरिपाचें मुख्य पीक झालें आहे. महसूल खात्यांत पीकपाहणीचे कागद लिहिण्यांत आमचें आयुष्य गेलें. पेरा किती हें कागदावर दिसतें. तणानें किती खाल्लें हें मात्र खळ्यावरच कळतें.

मक्याची वाढ प्रारंभीं मंद असते व दोन ओळींमधील जागा मोकळी राहते. पेरणीपासून 15 ते 45 दिवसांचा काळ विशेष नाजूक होय. नेमक्या त्याच वेळीं पावसाची झड लागून कोळपें अडतें व निंदणीस मजूर मिळत नाहींत. अशा प्रसंगीं तणनाशक उपयोगीं पडतें.

पेरणीनंतर दोन दिवसांच्या आंत, जमिनींत ओल असतांना, ॲट्राझीनची 50 टक्के भुकटी फवारावी. मध्यम व भारी जमिनीस एकरीं 800 ग्रॅम व हलक्या जमिनीस 500 ग्रॅम, 200 लिटर पाण्यांतून पुरे होते. हें औषध मुळांवाटे तणांत शिरून पानांतील अन्न तयार होण्याची क्रिया बंद पाडतें. मका तें आपल्या अंगीं निष्प्रभ करितो. सोयाबीन किंवा उडीद यांस ती शक्ति नाहीं; म्हणून अशा आंतरपिकांत तें वापरूं नये. प्रमाण वाढविल्यास जमिनींत अंश राहून पुढील पिकास बाधा होते. लव्हाळा व हराळी जमिनींतील गांठी व कांड्यांपासून फुटतात. त्यांस हें पुरेसें नाहीं.

पुढें तण दोन ते चार पानांवर असतां टेम्बोट्रायोन 34.4 टक्के, एकरीं 115 मिलिलिटर, सोबतच्या चिकट द्रवासह फवारतां येतें.

एका वर्षीं आम्हीं रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डी वारा असतांनाच फवारलें. कांहीं दिवसांतच बांधापलीकडील शेजाऱ्याच्या कपाशीचीं पानें बोटांसारखीं अरुंद झालीं. जन्मभर बांधाचे तंटे कागदावर उतरविले; पण औषध बांध मानीत नाहीं, हें त्या दिवशीं उमगलें. भरपाई दिली, तरी शेजार पूर्ववत् होण्यास दोन हंगाम लागले.

म्हणून वारा शांत असतां, पसरट फवाऱ्याच्या तोंडानें, हातमोजे व मुखपट्टी बांधून फवारावें. उगवणीपूर्वींच्या फवारणींत मागें मागें सरत जावें, म्हणजे औषधाचा थर पायांनीं मोडत नाहीं. तणनाशकाचा पंप निराळाच ठेवावा. डब्यावरील पत्रक वाचल्यावांचून झांकण उघडूं नये. इतकें करूनहि उघाड मिळतांच एक कोळपणी द्यावीच. औषध हें कोळप्याचें साह्य आहे, त्याचा वारस नव्हे.