गुलाबी रंग सालीचा, चव थंडीची

गुलाबी टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सोलला, तर आतला गर लालच निघतो आणि हातात येणारी साल जवळजवळ बिनरंगी असते. नेहमीच्या लाल टोमॅटोची साल मात्र पिवळट असते. लायकोपीनमुळे लाल झालेला गर पिवळ्या सालीतून शेंदरी दिसतो, पारदर्शक सालीतून गुलाबी. सालीतला पिवळेपणा नॅरिन्जेनिन चाल्कोन या द्रव्याचा असतो. ते तयार करवून घेणारं ‘मिब१२’ जनुक निकामी झालं, की साल बिनरंगी राहते. हा गुण अप्रभावी असल्यामुळे संकरित वाण गुलाबी हवा, तर दोन्ही पालक वाण गुलाबीच लागतात. जपानच्या ताकी कंपनीचा १९८५चा ‘मोमोतारो’ हा अशाच वाणांपैकी एक.

म्हणजे गुलाबी रंग चवीची हमी देत नाही. चव ठरते साखर, आम्ल आणि वासाची द्रव्यं यांच्या मेळावर. फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ३९८ वाण तपासले. चवीशी निगडित १३ वासद्रव्यं जुन्या वाणांच्या तुलनेत आधुनिक वाणांत घटलेली आढळली. बाजारासाठीची निवड झाली ती भरघोस उत्पादनावर आणि ट्रकच्या प्रवासात टिकणाऱ्या कडकपणावर. गच्चीवरून स्वयंपाकघरात येणाऱ्या टोमॅटोला यातलं काहीच सिद्ध करायचं नसतं. घरासाठी म्हणूनच चवीकरता निवडलेला वाण घ्यावा.

खरी परीक्षा हवामानाची. फळधारणेला रात्री १५ ते २० अंश तापमान मानवतं. ठाणे जिल्ह्यातलं खरवई-बदलापूर समुद्रापासून आत असल्यामुळे इथल्या हिवाळी रात्री मुंबईपेक्षा गार असतात. दसऱ्याच्या सुमारास बी टाकून दिवाळीनंतर रोपं हलवली, तर जानेवारी-फेब्रुवारीत फळं हाती येतात. पावसाळ्यात करपा आणि मर हे रोग रोप टिकू देत नाहीत. मार्च-एप्रिलच्या उन्हात परागकण निकामी होऊन फुलं गळतात, शिवाय तापमान ३० अंशांपलीकडे गेलं की लायकोपीन नीट तयार होत नाही आणि रंग फिका पडतो.

एका रोपाला १५ ते २० लिटर मातीची कुंडी, निदान सहा तास ऊन आणि काठीचा आधार हवा. पाणी कधी भरपूर, कधी नाही, असं झालं तर कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही आणि बुडाला काळा डाग पडतो. पुन्हा एकदम पाणी मिळालं की फळ तडकतं. टोमॅटोचं परागीभवन फुलातल्या फुलातच होतं, पण पराग झडायला हादरा लागतो. शेतात तो वारा देतो किंवा गुणगुणणारा भुंगा. ग्रिलमधल्या बंदिस्त बाल्कनीत सकाळी फुलांच्या देठाला हलकी टिचकी मारावी.

पिकलेलं फळ फ्रिजमध्ये ठेवू नये. ५ अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या फळांत वासद्रव्यं तयार करणारी जनुकं मंदावतात, हे २०१६च्या एका संशोधनात दिसलं. फळ बाहेर काढल्यावरही हरवलेला वास पूर्ण परतत नाही.

बी राखून ठेवायचा मोह होईल. गुलाबी संकरित फळाच्या बियांपासून पुढची झाडं गुलाबीच निघतील, कारण तो गुण दोन्ही पालकांकडून आलेला असतो. गोडी, आकार आणि रोगप्रतिकारशक्ती मात्र प्रत्येक झाडात वेगळी उतरेल. तीच चव पुन्हा हवी असेल, तर बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं.