नव्याने पाडला जुन्याचा भाव
टेस्लाची मॉडेल एस प्लेड ही विजेवर चालणारी गाडी जून 2021 मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा किंमत होती सुमारे 1,30,000 डॉलर. हजारावर अश्वशक्ती आणि दोनेक सेकंदांत ताशी साठ मैलांचा वेग! सप्टेंबर 2023 मध्ये कंपनीने तीच गाडी 89,990 डॉलरवर आणली. कोरी गाडी एवढ्याला मिळत असेल, तर वापरलेलीला जास्त कोण मोजणार? शिवाय बॅटरी किती थकली असेल, ही धास्ती असतेच. उलट पोर्शेची 911 जीटी3 ही स्पोर्ट्स कार मुळात मोजकीच बनते, म्हणून जुनी झाली तरी भाव धरून असते. जुनी प्लेड स्वस्तात घेणाऱ्याने टायरचा खर्च मात्र आधी विचारावा. दोन टनांहून जड गाडी असा वेग घेते, तेव्हा रबर भराभर झिजतं.