नाद विरेपर्यंत

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेची घागर घ्यायला आलेले जुने, जाणते गिऱ्हाईक घागरीचा घाट पाहते, वजन हातात तोलते आणि शेवटी तिला बोटाच्या पेराने एक टिचकी मारून, दुकानदार भाव सांगू लागला तरी त्याला हातानेच थोपवून, कान काठाशी नेऊन, तो नाद पुरता विरेपर्यंत स्तब्ध उभे राहते. टिचकीचा आवाज कोणत्याही भांड्यातून निघतो. भांड्याची पारख होते ती टिचकीनंतर जे रेंगाळते त्यावरून. कुठे चीर असली, जोड नीट बसला नसला, तर आवाज बद्द येतो आणि जागच्या जागी मरतो. घडण निर्दोष असली तर एका सुराच्या पोटातून दुसरा, दुसऱ्याच्या पोटातून तिसरा असे सूर उमलत जातात आणि त्यांतला शेवटचा कोणता हे कानाला सांगता येत नाही. ज्या गावाचे नावच भाण म्हणजे भांडे या शब्दावरून पडले असे परंपरा सांगते, त्या गावच्या माणसाला एका परक्या, धूसर आणि काहीशा बदनाम संगीताची ओळख करून द्यायची झाल्यास याहून सोयीचा दाखला सुचत नाही. कारण हे संगीतही टिचकीचे नव्हे, टिचकीनंतरच्या नादाचे आहे.

या संगीताची माझ्याकडे शिफारस आली ती भाच्याकडून. २०२३ च्या जानेवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा नावाचा, मूळ अमेरिकेतला संगीतमहोत्सव आशिया खंडात प्रथमच भरला, आणि त्यासाठी हा मुलगा भंडारा रोड स्थानकावर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसून, सुमारे ९०० किलोमीटरांचा प्रवास करून, ‘सिगारेट्स आफ्टर सेक्स’ आणि ‘जॅपनीज ब्रेकफास्ट’ अशा, वडीलधाऱ्यांसमोर उच्चारताना जीभ चाचरावी अशा नावांच्या मंडळींना ऐकून आला. परतल्यावर त्याने वर्णन केले नाही की कौतुक केले नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर आपला हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि “मामाजी, शब्द शोधू नका, नुसतं आयका,” एवढेच म्हणाला.

शिफारस हा शब्द मुळात कचेरीचा. माझी तीस वर्षे तहसिलीच्या दप्तरांत गेली आणि त्या काळात, सदर इसम माझ्या परिचयाचा असून त्याची चालचलणूक चांगली आहे, अशा मजकुराची शिफारसपत्रे माझ्या टेबलावरून इतकी गेली की त्यांतील ‘परिचयाचा’ या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवयच पुढेपुढे सुटली. अशा पत्राला शाई लागते, जोखीम लागत नाही. गाण्याची शिफारस मात्र निराळी. हे ऐका असे म्हणणारा माणूस त्या गाण्याला स्वतः जामीन राहतो. ऐकणाऱ्याला ते रुचले नाही तर गाण्याचे काही बिघडत नाही, सांगणाऱ्याची पत जाते. शूगेझ आणि ड्रीम पॉप या दोन नावांनी ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा गेल्या तीन-चार दशकांचा वृत्तांत पाहिला तर ते अशा जामीनकीवरच तगले, अधिकृत निवाड्यांनी तर त्याला एकदा पुरलेच होते, असे दिसून येते. आणि म्हणून त्याची माहिती देणे व त्याची शिफारस करणे ही दोन कामे मला वेगवेगळी करता येत नाहीत.

शूगेझ म्हणजे सरळ मराठीत जोड्यांकडे टक लावून पाहणे. १९९० च्या सुमारास लंडन, ऑक्सफर्ड, रेडिंग अशा ठिकाणांहून तरुणांचे काही वाद्यवृंद पुढे आले. मंचावर उड्या माराव्यात, श्रोत्यांना चेतवावे ही रॉक संगीताची रूढ रीत. ही मुले मात्र मान खाली घालून, जणू काही अपराध कबूल करीत असल्यासारखी उभी राहत, आणि लंडनच्या संगीतविषयक साप्ताहिकांनी त्यांना हे नाव टवाळीने बहाल केले. टवाळीत अर्धे सत्य होते. या वादकांच्या पायांशी धातूच्या लहानलहान डब्यांची रांग मांडलेली असे. या डब्यांना पेडल म्हणतात. गिटारच्या तारेतून उमटलेला सूर विजेच्या रूपाने ध्वनिवर्धकाकडे जाण्याआधी त्यांतून जातो, आणि एक डबा त्याला खरखरीत व दाट करतो, दुसरा त्याच्यामागे प्रतिध्वनींची रांग लावतो, तिसरा त्याला देवळाच्या गाभाऱ्यातल्यासारखा घुमवतो. कोणता डबा पायाने केव्हा दाबायचा याचे अवधान राखणाऱ्याला श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहण्याची सवड कुठली? तंबोरा जुळवताना जवारीच्या दोऱ्यावर नजर खिळवणाऱ्याला आपल्याकडे कोणी लाजाळू म्हणत नाही. ड्रीम पॉप हे नाव याच्या थोडे आधीचे असून, लंडनच्या ए. आर. केन या जोडीतील अ‍ॅलेक्स अयुली यांनी ते आपल्या संगीतासाठी योजले, असे सांगतात. दोहोंतील भेद पातळ आहे: ड्रीम पॉपमध्ये धुके असते, शूगेझमध्ये त्याच धुक्याची भिंत उभी राहते.

या संगीतात गाणाऱ्याचा आवाज वाद्यांच्या डोक्यावर बसत नाही, त्यांच्यात बुडवलेला असतो, आणि म्हणून नव्या श्रोत्याची पहिली फिर्याद हीच असते की शब्द कळत नाहीत. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, माणसाने तरी ही फिर्याद दाखल करू नये. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक उभे राहते, आणि धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांपलीकडून, कोस-दोन कोसांवरच्या गावचा भोंगा पहाटेपर्यंत ऐकू येतो. खाटेवर पडल्या पडल्या कानी येणाऱ्या त्या गाण्यातले शब्द वाटेतच कुठे तरी गळालेले असतात. पेटी कोणती आणि गळा कोणता हेही उमगत नाही. वारा फिरला की सूर दाटून येतो, वारा पडला की ओसरतो, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, असे अर्धवट ऐकलेले गाणे मंडपात पुढे बसून ऐकलेल्या गाण्याहून अधिक वर्षे सोबत करते. शूगेझच्या वादकांनी हे कोस-दोन कोसांचे अंतर आणि मधली ओली हवा यंत्रांच्या साहाय्याने गाण्यातच घडवून घेतली आहे, असे मी माझ्या वयाच्या मित्रांना सांगतो, आणि तेवढे सांगितल्यावर सहसा पुढचे बोलावे लागत नाही.

शब्दांचा हट्ट ज्यांचा तरीही सुटत नाही त्यांच्याकडे मी प्रथम कॉक्टो ट्विन्स यांना पाठवतो. स्कॉटलंडमधील ग्रेंजमथ या कारखान्यांच्या गावातून आलेल्या या वृंदात रॉबिन गथ्री यांची गिटार काचेच्या लोलकासारखी झळाळते आणि एलिझाबेथ फ्रेझर यांच्या गायनात पुष्कळदा कोशात सापडणारे शब्दच नसतात. अक्षरे केवळ नादाच्या सोयीने एकमेकांशेजारी बसलेली असतात. तराण्याला मनापासून दाद देणाऱ्या श्रोत्याने त्यावर नाक मुरडावे हे न्यायाला धरून होणार नाही. १९८४ ची ‘ट्रेझर’ आणि १९९० ची ‘हेवन ऑर लास व्हेगास’ या त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिकांपैकी दुसरी अधिक मोकळी, प्रसन्न. प्रारंभ तिच्यापासून करावा.

भिंतीच्या टोकाला उभे आहेत माय ब्लडी व्हॅलेंटाइन. डब्लिनमध्ये १९८३ साली जमलेल्या या मंडळींचे सूत्रधार केव्हिन शील्ड्स गिटारची तार छेडतानाच, तिचा ताण सैल-घट्ट करणारा दांडा हातात धरून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक सूर जागेवर असतो आणि नसतोही. दरबारीतला गांधार आंदोलित होतो तसे येथे सबंध गाणेच हेलकावते. त्यांची १९९१ ची ‘लव्हलेस’ ही ध्वनिमुद्रिका सुमारे दोन वर्षे, एका स्टुडिओतून दुसऱ्यात बिऱ्हाड हलवीत पुरी झाली आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत २४ व्या क्रमांकावर जाऊन थांबली. आज या प्रकाराचा मूळ दस्तऐवज म्हणून तिच्याकडेच बोट दाखवले जाते.

परंतु निवाडे आणि शिफारशी यांतले अंतर खऱ्या अर्थाने कळते ते रेडिंगच्या स्लोडाइव्ह यांच्या हकिकतीत. नील हॉलस्टेड आणि रेचल गॉसवेल यांच्या या वृंदाने १९९३ साली ‘सुव्लाकी’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तोवर अमेरिकेतून निर्वाणा या वृंदाचे रांगडे रॉक आले होते, ब्रिटनमध्ये ब्रिटपॉप या नव्या लाटेची चाहूल लागली होती, आणि मान खाली घालून गाणारी माणसे अचानक जुनी ठरली. लंडनच्या एका साप्ताहिकाच्या समीक्षकाने तर, हे पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या न्हाणीत गुदमरून मरणे पत्करेन, अशा आशयाचा हुकूमनामाच लिहिला. १९९५ मध्ये तिसरी ध्वनिमुद्रिका निघताच त्यांच्या कंपनीने त्यांना रजा दिली. प्रकरण दप्तरबंद झाले, असेच कोणीही म्हटले असते. पण ज्यांनी त्या ध्वनिमुद्रिका घेतल्या होत्या त्यांनी त्या फेकल्या नाहीत. कोणी मित्राला कॅसेट भरून दिली, कोणी धाकट्या भावाला ऐकवले, पुढे संगणक आल्यावर परदेशी अनोळखी माणसाला पाठवले, आणि अशा हजारो लहान जामीनक्यांची बेरीज होऊन २०१४ साली स्लोडाइव्ह पुन्हा मंचावर आले तेव्हा समोर त्यांच्या पहिल्या दिवसांनंतर जन्मलेली मुले उभी होती. २०१७ मध्ये, २२ वर्षांनी, त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. २०२३ ची ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेली. त्या समीक्षकाची टिचकी बरोबरच पडली होती. नाद विरेपर्यंत थांबायचे तेवढे राहून गेले.

नवी नावे शोधावीत कशी, असे विचारणाऱ्याला मी आपली घराण्यांचीच वाट दाखवतो. ख्याल ऐकणारा जसा गुरू कोण, गुरुबंधू कोण हे विचारीत एका गवयापासून दुसऱ्याकडे जातो, तसे येथे ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी आणि ध्वनिमुद्रण सांभाळणारा निर्माता यांची नावे पाहावीत. लंडनची ‘फोर एडी’ ही अशी एक पेढी: कॉक्टो ट्विन्स तिच्याच पदरी होते, आणि गथ्री यांनी निर्माता म्हणून लश या वृंदाची १९९२ ची ‘स्पूकी’ सिद्ध केली, ती ऐकली की गुरूचा हात कानाला लगेच ओळखू येतो. अ‍ॅलन मगी यांच्या ‘क्रिएशन’ या दुसऱ्या पेढीत माय ब्लडी व्हॅलेंटाइन, स्लोडाइव्ह आणि ऑक्सफर्डचे राइड एकाच छताखाली सापडतात. मागे जायचे तर जीझस अँड मेरी चेन यांच्या १९८५ च्या ‘सायकोकँडी’पर्यंत जावे, जिथे गोड चालीवर कर्कश गोंगाटाचे पांघरूण घालण्याची युक्ती उघडी दिसते. पुढे यायचे तर बाल्टिमोरचे बीच हाउस आहेत. त्यांच्या २०१० च्या ‘टीन ड्रीम’मधला ऑर्गन आपल्या पेटीवर वाढलेल्या कानाला परका वाटत नाही.

आपल्या देशातही ही हवा आली आहे. कोलकात्याच्या पारेख अँड सिंग या जोडीची ‘ओशन’ लंडनच्या पेढीने प्रसिद्ध केली. पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज याच स्वप्नाळू मुलखाच्या सीमेवर, जरा अधिक उन्हात गातात. आणि इम्फाळचे लो! पेनिन्सुला तर सरळ भिंतीच्याच बाजूचे आहेत.

शिफारस करणाऱ्याला माझे सांगणे थोडकेच आहे. दहा नावांची यादी देऊ नये. यादी हे शिफारसपत्र झाले, त्यात जोखीम नाही. माणूस पाहून एकच ध्वनिमुद्रिका द्यावी. जुन्या, संथ चित्रपटगीतांत रमणाऱ्याला मॅझी स्टार यांची १९९३ ची ‘सो टुनाइट दॅट आय माइट सी’ द्यावी, धडाक्याची आवड असलेल्या तरुणाला राइड यांची १९९० ची ‘नोव्हेअर’, आणि ‘लव्हलेस’ मात्र कोणालाही पहिल्या दिवशी देऊ नये. उपाशी पोटी तिखट द्यावे तसे ते होते. वेळ रात्रीची किंवा पावसाची असावी. आवाज मोठा लागतो हे खरे, पण बेताने. माय ब्लडी व्हॅलेंटाइन यांच्या मैफलींच्या दारात श्रोत्यांना कानात घालायचे बोळे वाटले जात, यावरून काय ते समजावे. आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे दाद मिळवण्यासाठी पाहत बसू नये.

हा शेवटचा नियम मी स्वतः गेल्या पावसाळ्यात मोडला. कचेरीतले माझे एक जुने सोबती, भजनी मंडळात उभा जन्म पेटी वाजवलेले, घरी आले होते. बाहेर धानाच्या बांध्या तुडुंब भरलेल्या, वीज गेलेली. मी त्यांच्या कानांवर भाच्याने दिलेला हेडफोन चढवला, ‘सुव्लाकी’ लावली आणि नको तेच केले, त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो. पहिले गाणे संपलेले पडद्यावर मला दिसले. शब्द कळले का, असे विचारण्यासाठी मी तोंड उघडणार तोच त्यांनी, डोळे न उघडता, बाजारातल्या त्या गिऱ्हाइकासारखे मला हातानेच थोपवले.