विश्वस्ताला काढायचं कोणी?

रायपूरमधल्या सार्वजनिक न्यासांना लागू असलेला कायदा 1951 चा, म्हणजे नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती तेव्हाचा. 2000 मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, तरी तो टिकला. त्यानुसार जिल्हाधिकारीच न्यासांचे निबंधक. नोंदणी त्यांच्याकडे, पण विश्वस्ताला घरी पाठवायचं तर त्यांची सही पुरत नाही. त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागतो. जुन्याला हटवणं, नवा नेमणं हे न्यायालयाच्या हाती.

महाराष्ट्रात 1950 च्या कायद्याचं कलम 41-ड धर्मादाय आयुक्तांनाच तो अधिकार देतं. हिशेब वारंवार न देणं, पैशांची अफरातफर अशी कारणं लागतात. आधी दोषारोप, मग खुलाशाची संधी. रायपूरची वाट लांबची, पण मला तीच बरी वाटते.