चालता किती ते कळलं, बसता किती?

डायबिटीस म्हटलं की आपल्याला दोनच पथ्यं आठवतात : गोड बंद आणि सकाळचं फिरणं. माझे बाबा दोन्ही इमानेइतबारे पाळतात. पहाटे पाऊण तास चालणं, चहा बिनसाखरेचा. मग मात्र दिवसभर ऑफिसची खुर्ची आणि रात्री टीव्हीसमोर सोफा! जेवणानंतरची साखर काही उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "चालता किती ते कळलं; बसता किती?"

या प्रश्नामागचं मेकॅनिझम आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेल असं आहे. रक्तातली साखर स्नायूंच्या पेशींत शिरते ती 'ग्लुट-४' नावाच्या प्रथिनांच्या दारांतून. एरवी ही दारं इन्सुलिन उघडतं. टाइप-२ डायबिटीसमध्ये पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. पण स्नायू आकुंचन पावला, की तीच दारं इन्सुलिनशिवायही उघडतात. म्हणजे मेन व्हॉल्व्ह अडकला तरी बायपास लाइन शाबूत आहे! आणि खुर्चीत बसलं की मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू थंड, म्हणजे बायपासही बंद.

ऑस्ट्रेलियात टाइप-२ डायबिटीस असलेल्या 24 जणांवर प्रयोग झाला. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. आठ तासांच्या बैठकीत दर अर्ध्या तासाने फक्त तीन मिनिटं सावकाश चालणं किंवा जागच्या जागी सोपे व्यायाम. तेवढ्यानेही जेवणानंतरची साखर सलग बसण्यापेक्षा बरीच कमी राहिली. त्याच वर्षी अमेरिकन डायबिटीस असोसिएशननेही दर अर्ध्या तासाने बैठक मोडायला सांगितलं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन आजार असलेल्यांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम आणि जोडीला कमी बसणं, असा सल्ला दिला. म्हणजे सकाळचं फिरणं सोडायचं नाहीच. पण ते झालं म्हणून दिवसभर बसायची सूट मिळत नाही.

आपल्या ऑफिसातले काका, लायब्ररीतल्या मॅडम, गेटवरचे वॉचमन यांतल्या कुणाला साखर किंवा बीपी असेल, तर हे त्यांच्याही कामाचं आहे. पाण्याची बाटली लांब ठेवा, जेवणानंतर कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, पायाला जखम असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हो, रविवारी घरी फोन लावाल तेव्हा "जेवलात का?" याच्या जोडीला "आज किती वेळ बसलात?" हेही विचारा. उत्तर उभं राहून द्यायला सांगा!