व्हिडिओ पोकर : वरचेवर जिंकणे आणि अधिक जिंकणे

खेळाचे स्वरूप
व्हिडिओ पोकर हा यंत्रासमोर एकट्याने खेळायचा पत्त्यांचा जुगार आहे. पडद्यावर पाच पत्ते येतात. हवे ते ठेवून उरलेले एकदाच बदलता येतात. प्रतिस्पर्धी नसल्यामुळे थापेबाजीला वाव नाही. कौशल्य एवढ्यातच, की काय ठेवायचे आणि काय टाकायचे.

मोबदल्याचा तक्ता
‘जॅक्स ऑर बेटर’ या प्रचलित प्रकारात गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांच्या जोडीला लावलेली रक्कम तेवढी परत मिळते. दोन जोड्यांना दुप्पट, स्ट्रेटला (ओळीने पाच पत्ते) चौपट, फ्लशला (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) सहापट, फुल हाउसला (तीन सारखे व एक जोडी) नऊपट आणि रॉयल फ्लशला (एकाच चिन्हाचे दश्शी ते एक्का) ८०० पट मोबदला असतो. शेवटचा आकडा मात्र पाच नाणी लावली तरच लागू होतो. एरवी तो २५० पट. सुमारे ४५ टक्के डाव ‘जिंकलेले’ दिसतात खरे, पण त्यांतील जवळजवळ निम्म्यांत स्वतःचेच पैसे हाती येतात.

निवडीचे गणित
समजा, बदामची दुर्री, पंजी, सत्ती, दश्शी आणि किलवरची सत्ती आली. सत्तीची जोडी ठेवली तर सुमारे २९ टक्के वेळा काही तरी मिळते, सरासरी ०.८२ पट. फ्लशच्या आशेने चार बदाम ठेवले तर उरलेल्या ४७ पैकी ९ पत्तेच उपयोगी पडतात, म्हणजे १९ टक्के. पण सरासरी १.१५ पट होते. कमी वेळा जिंकणारी निवड इथे सरस ठरते. जोडी गुलामाची असती, तर उत्तर उलटे आले असते.

हातचे सोडण्याचा प्रसंग
इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि दुर्री आल्यास सहापटीचा फ्लश तयारच असतो. तरीही दुर्री टाकणे योग्य. उरलेल्या ४७ पत्त्यांपैकी २४ पत्ते रिकाम्या हाताने पाठवतात. मात्र इस्पिकचा एक्का (रॉयल फ्लश) ८०० आणि इस्पिकची नव्वी (स्ट्रेट फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाचे ओळीने पाच पत्ते) ५० पट देते. फ्लश, स्ट्रेट व मोठ्या जोड्या धरून सरासरी १९.५५ पट येते. मनाला न पटणारी, पण निर्विवाद चाल!

मर्यादा
सरासरी ही दीर्घकाळाची गोष्ट आहे. रॉयल फ्लश साधारण ४०,००० डावांत एकदा येतो आणि एकूण परताव्यातील सुमारे दोन टक्के त्याच्याच वाट्याचे असतात. तो न आलेल्या खेळाडूचे अचूक खेळूनही भांडवल झिजते. फुल हाउसला ९ व फ्लशला ६ पट देणाऱ्या यंत्राचा परतावा निर्दोष खेळातही ९९.५४ टक्केच असतो. हेच आकडे ८ व ५ असतील, तर तो ९७.३ टक्क्यांवर येतो. हा फरक कोणत्याही चालीने भरून निघत नाही.