तुलना आणि पासंग

पुणेकरांच्या बोलण्यात विद्यापीठे दोन आहेत. एक गणेशखिंडीतले, ज्याला सरकारने कुलगुरू, कुलसचिव आणि भलामोठा दप्तरखाना दिला. आणि दुसरे मंडईतले, ज्याला यांपैकी काहीही कधी लाभले नाही, परंतु ज्याच्या कट्ट्यावर शहराच्या राजकारणाचे निकाल मतमोजणीच्या आधीच लागून मोकळे होतात अशी त्याची ख्याती आहे. ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्दप्रयोग थट्टेचा खरा. तथापि पुण्यात थट्टेने दिलेली पदवीही सहजासहजी मिळत नाही. या विद्यापीठाचे जे विद्वान आठवतात ते सारे पुरुष आहेत. त्या कट्ट्यापासून पाच-दहा हातांवर गाळ्यांवर बसून, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, भाव, पाऊस, उधारी, गिऱ्हाइकाचा स्वभाव आणि घरातल्या मुलांच्या फिया हे सर्व एकाच डोक्यात वागवणाऱ्या ज्या बाया या बाजाराचा निम्मा भार उचलतात, त्यांच्या ज्ञानाची गणना मंडई विद्यापीठाने कधी केली नाही. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाने ती उशिरा का होईना करावयास घेतली, आणि ती कशी घेतली हा या लेखाचा विषय आहे.

मंडईची इमारत 1886 ची. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाई. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामावरील खर्चास विरोध केला होता, कारण तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे होते. आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, ही गोष्ट ऐकून खुद्द जोतीराव हसले असते की संतापले असते हे सांगणे कठीण आहे. ज्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली तो येथून हाकेच्या अंतरावर होता. ‘होता’ असेच म्हणावे लागते; कारण जीर्ण झालेला तो वाडा, स्मारक उभारण्यासाठी, 2023 च्या डिसेंबरात पाडण्यात आला.

याच मंडईतल्या माझ्या नेहमीच्या गाळ्यावरील मावशींकडे आता विजेवर चालणारा काटा आहे, तरी जुनी तागडी त्यांनी खुंटीला टांगून ठेवली आहे आणि वीज गेली की ती खाली उतरते. तशी ती एकदा उतरलेली असताना मी समोर उभा होतो. मावशींनी दोन्ही पारडी रिकामी उचलली. डावे पारडे किंचित खाली झुकले. त्यांनी घमेल्याखालून पत्र्याचा एक दुमडलेला तुकडा काढला, उजव्या पारड्याच्या साखळीत अडकवला, दांडी डोळ्यांसमोर धरून पाहिली, तुकडा नखाने जरा दाबला, पुन्हा पाहिली आणि मगच माप टाकून वांगी घातली. मी विचारले, “पासंग एवढा का बघता?” त्यांनी वर न पाहताच उत्तर दिले, “रिकामी तागडी आधी बघावी दादा. भरल्यावर कोणाला कळतंय?”

स्त्रीवादी ज्ञानमीमांसेतील एक प्रमुख सिद्धांत यापेक्षा कमी शब्दांत मला कोणी सांगितलेला नाही. सँड्रा हार्डिंग या अमेरिकन तत्त्वज्ञ विदुषीने ‘सबळ वस्तुनिष्ठते’ची जी कल्पना मांडली तिचे सार हेच, की ज्ञान तोलावयाचे तर आधी तोलणाऱ्याचे साधन रिकामे धरून पाहावे, कारण पाहणारा कोठे उभा आहे, कोणाच्या कष्टावर त्याची सवड उभी आहे, याचा हिशेब न करता जो स्वतःला निःपक्षपाती म्हणवतो त्याच्या तागडीत पासंग तसाच राहून गेलेला असतो. आणि तो पासंग प्रथम कोणाच्या ध्यानात येतो? ज्याचा माल दररोज कमी भरतो त्याच्या. कॅनडात अध्यापन करणाऱ्या डोरोथी स्मिथ यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात समाजशास्त्राने आपली सुरुवात स्त्रियांच्या दैनंदिन जगण्यापासूनच करावी असे जे प्रतिपादन केले, ते याच जाणिवेतून. त्याच्या कितीतरी आधी, 1949 मध्ये, फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हुआर यांनी स्त्री ही जन्मतः स्त्री नसते, ती तशी घडवली जाते, हे सांगताना या घडवणुकीचा तपशील बालपणापासून वार्धक्यापर्यंत प्रत्यक्ष जगण्यातूनच गोळा केला होता.

परंतु विदेशी नावांची ही फेरिस्त लांबवण्याचे कारण नाही, कारण तागडीची ही भाषा आपल्याकडे त्याआधीच एका बाईने वापरून ठेवलेली आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी आपल्या पुस्तकाला ‘स्त्रीपुरुषतुलना’ असे नाव दिले, आणि ‘तुलना’ या शब्दात तुला म्हणजे तागडीच आहे. 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेले, नऊ आणे किमतीचे हे लहानसे पुस्तक. त्याला निमित्त झाले सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेचे, जिला 1881 मध्ये स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली आणि अपिलात तिचे रूपांतर काळ्या पाण्यात झाले; त्या सुमारास वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली तिला हे उत्तर होते. जी अवगुणांची यादी पुरुषांनी स्त्रियांच्या नावे लिहून ठेवली होती, तीच ताराबाईंनी पुरुषांच्या पारड्यात घालून पाहिली. त्यांच्या वडिलांची नोकरी कचेरीतली असल्यामुळे असेल किंवा नसेल, पण उलटतपासणी कशी घ्यावी हे या बाईंना पक्के ठाऊक होते.

1882 हे वर्षच पुण्याच्या इतिहासात विलक्षण. त्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांचे निवेदन व रमाबाईंची साक्ष झाली. एवढ्या गलबल्यातही ताराबाईंच्या पाठीशी उघडपणे उभे राहिले ते जोतीराव, आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात, 1885 साली. ताराबाईंनी मात्र पुढे दुसरे पुस्तक लिहिले नाही. त्यांचे नावही विस्मृतीत गेले, आणि स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुस्तक पुन्हा प्रकाशित करीपर्यंत जवळजवळ शतकभर मराठी समाजाला त्याची उणीव भासली नाही. हे आपल्या वाङ्मयीन दप्तराचे दुर्लक्ष किरकोळ मानावयास मी तयार नाही.

सरकारी दप्तराचीही तीच तऱ्हा. 1961 ची खानेसुमारी आणि 1971 ची खानेसुमारी यांच्या दरम्यान ‘काम’ या शब्दाची व्याख्या बदलली. माणसाचा मुख्य उद्योग कोणता असे विचारले जाऊ लागले, तेव्हा चूल, गोठा, शेत आणि बाजार अशा चारी ठिकाणी राबणारी बाई ‘घरकाम’ या एका रकान्यात जाऊन बसली, आणि देशातील कामकरी स्त्रियांची संख्या कागदावर जवळजवळ निम्म्यावर आली. बाया तेवढ्याच होत्या आणि कामही तेवढेच होते. 1974 मध्ये स्त्रियांच्या स्थितीविषयी केंद्र सरकारच्या समितीने दिलेल्या अहवालाने देशाला जो धक्का दिला त्यात आकड्यांच्या या अंधत्वाचा भाग मोठा होता. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले. अलीकडे, 2019 साली, सरकारने लोकांच्या वेळेच्या विनियोगाची देशव्यापी पाहणी केली, तेव्हा घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसातला सरासरी 299 मिनिटांचा वेळ त्यात जातो आणि जे पुरुष ते करतात त्यांचा 97 मिनिटांचा, असे आढळले. ‘जे करतात’ हे शब्द वाचकांनी कृपया नजरेआड करू नयेत. असे पुरुष चारात जेमतेम एक होते.

मावशींना मी एकदा विचारले होते, की खानेसुमारीवाला आला तर काम म्हणून काय सांगता? त्या म्हणाल्या, “काम मालकांचं. मी नुसती बसते गाळ्यावर.” मालक वारल्यास बारा वर्षे झाली आहेत, आणि परवान्यावर तर त्यांच्याही आधीचे, सासऱ्यांचे नाव आहे.

या उत्तरापाशी स्त्रीवादी विचाराची खरी परीक्षा लागते. कारण बाईचा अनुभव हेच प्रमाण असे सरळ मानले, तर मावशी स्वतःच म्हणतात की त्या काही करीत नाहीत! जोन स्कॉट या इतिहासकार स्त्रीने 1991 मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला: अनुभव हा पुरावा म्हणून समोर ठेवण्यापूर्वी तो कोणत्या शब्दांनी, कोणत्या वहिवाटीने घडला हे शोधले पाहिजे. अनुभवाला देव मानून त्याच्यापुढे केवळ हात जोडणाऱ्या लेखनाचा आपल्याकडे सध्या सुकाळ आहे, आणि ते मला जितके हळवे वाटते तितकेच आळशी वाटते.

गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठात 1987 मध्ये स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झाले; त्याला पुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. विद्युत भागवत आणि त्यांच्यानंतर शर्मिला रेगे यांनी तेथे जे काम केले त्याचा विशेष असा, की त्यांनी हा आळस केला नाही. दलित स्त्रिया वेगळ्या बोलतात, असे गोपाळ गुरू यांनी 1995 मध्ये लिहिले होते. त्याच शीर्षकाचा धागा धरून रेगे यांनी 1998 साली असे विचारले, की त्या वेगळ्या बोलतात एवढे मान्य करून बाकीच्यांनी मोकळे व्हावयाचे काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. दलित स्त्रीच्या जागेवरून जात आणि पितृसत्ता यांची जी गुंफण दिसते ती सर्वांनीच शिकून घ्यावयाची, त्यासाठी स्वतःला बदलावयाचे, आणि ‘तो त्यांचा अनुभव, आम्ही काय बोलणार’ ही पळवाट बंद करावयाची: दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी ती हीच. 2006 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार आदींची आत्मकथने वाचली ती एकेकीची सुखदुःखे म्हणून नव्हे, तर एका समूहाने इतिहासापुढे दिलेली साक्ष म्हणून. आपल्या जुन्या दप्तरांत यासाठी ‘कैफियत’ असा नेमका शब्द आहे. रेगे 2013 मध्ये, पन्नाशीही न गाठता, गेल्या.

यांपैकी बेबीताई कांबळे यांच्याविषयी थोडे अधिक लिहिणे मंडईच्या संदर्भात अप्रस्तुत ठरू नये, कारण त्याही दुकानावरच बसत. फलटणला त्यांचे छोटेसे दुकान होते. माल बांधण्यासाठी जी रद्दी येई तीतले कागद त्या वाचीत, आणि गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लिहीत. लिहिलेले नवऱ्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून कित्येक वर्षे त्या ते लपवून ठेवीत. ‘जिणं आमुचं’ प्रथम पुण्याच्या ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि 1986 साली पुस्तकरूपाने. महार समाजाचे दैन्य तर त्यात आहेच. पण घरातल्या सासूने सुनेचा आणि पुरुषाने बाईचा केलेला छळही त्यांनी झाकून ठेवला नाही. स्वतःच्याच पारड्याचा पासंग पाहण्याचे हे धैर्य फार थोड्यांपाशी असते; ते ज्यांच्यापाशी नव्हते अशी विद्वानांची आत्मचरित्रे मी पुष्कळ वाचली आहेत.

कैफियत लेखीच असावी असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दांपत्याने पुण्यात राहून, मावळ-मुळशीपासून दूरदूरच्या गावांपर्यंत हिंडून, सहकाऱ्यांच्या साह्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात, दळता दळता, पुरुषांच्या कानाआड जे बोलले गेले त्याचा एवढा संग्रह जगात क्वचितच कोठे असेल. आणि ज्ञान हे संघटनेतूनही उपजते. रस्त्यावर कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांची पंचायत पुण्यात 1993 मध्ये उभी राहिली, बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली आणि महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या अध्यापिकांच्या सोबतीने. तेव्हा या बहुतांशी दलित स्त्रियांनी पहिली गोष्ट केली ती स्वतःच्या कामाचा हिशेब मांडण्याची. आपण किती कचरा उचलतो आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतूकखर्च किती वाचतो हे त्यांनी आकड्यांत दाखवले, ओळखपत्रे मिळवली, आणि 2008 मध्ये त्यांच्याच सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. ‘मी नुसती बसते’ आणि ‘आम्ही कामगार आहोत’ या दोन वाक्यांमधले अंतर तोडावयाला एकट्या बाईचा अनुभव पुरत नाही; चार जणींनी एकत्र बसून तो पुन्हा तोलावा लागतो.

तोलण्याजोगी अशी एखादी कैफियत आपल्या घरातही असेल. दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून जुन्या वह्या निघतील. त्यांत आजीच्या किंवा आईच्या हातची दूध-किराण्याच्या हिशेबाची, उखाण्यांची, औषधांच्या नोंदींची एखादी वही असेलच. रद्दी न्यायला येणाऱ्या बाईच्या हाती ती देण्यापूर्वी पानन् पान वाचा, आणि वहीच्या पहिल्या पानावर ती लिहिणाऱ्या बाईचे संपूर्ण नाव लिहून ठेवा.